जुन्या नावाची हाक

थायलंडच्या परवाना कचेरीत खिन सानचा पाय सारखा हलत होता. ब्रह्मदेशातल्या तिच्या गावच्या ज्योतिष्यानं फोनवरच तिचं नाव बदलून बजावलं होतं, "जुन्या नावाला शनी चिकटलाय. राहण्याचा परवाना हाती पडेपर्यंत त्याला ओ देऊ नकोस." तेव्हापासून कारखान्यात कोळंबी सोलताना ती 'थांदा विन' हे नवं नाव घोकत होती.

खिडकीतून हाक आली, "खिन सान!"

"ऊठ की गं!" शेजारची दॉ म्या मावशी खेकसली.

"पण ज्योतिषी म्हणाला..."

"मग परवाना काय त्या मेल्याला द्यायचाय?"

पुन्हा हाक आली, तशी ती धडपडत धावली. खिडकीतल्या बाईनं कार्ड पुढं करत विचारलं, "नाव?"

"थांदा विन," ती घाईघाईत बोलून गेली.

कार्ड परत आत गेलं.