नागमोडी भट्टी

मुदखेडजवळच्या आमच्या वीटभट्टीवर रामलिंगशेठचा एकच कायदा होता: काळा धूर निघाला म्हणजे वीट पक्की भाजते. त्याच धुरानं माझ्या बाची छाती खाल्ली. तीस वर्षं त्यानं इथं विटा रचल्या. आता रस्ता ओलांडला तरी त्याला दम लागतो. त्याची जागा मी घेतली. बाई भट्टी रचते म्हणून लोक हसले. हसू देत.

यंदा नियम आला: धूर कमी करा, विटा नागमोडी रचा. शिकवायला आलेल्या बुद्धप्रिया मॅडम म्हणाल्या, "धूर म्हणजे न जळलेला कोळसा. हवा वळणं घेत गेली की तो पुरता जळतो. कोळसा कमी लागतो, आणि जग तापवणारा कार्बनही कमी होतो." मला पटलं. शेठला नाही.

"दाराजवळच्या चार ओळी नागमोडी कर, तपासणीच्या साहेबाला दाखवायपुरत्या," तो म्हणाला. "बाकी सरळ."

मी त्याला न सांगता अख्खी भट्टी नागमोडी रचली.

पेटवल्यावर तिसऱ्या दिवशी शेठ धावत आला. चिमणीतून विरळ, पांढुरका धूर निघत होता.

"आग विझाया लागली. बसवंत, ओत कोळसा."

कोळसा टाकणाऱ्या बसवंतनं फावडं उचललं. मी बाच्या लाकडी खडावा घालून तापल्या भट्टीवर चढले आणि कोळसा टाकायच्या झाकणासमोर उभी राहिले.

"आग विझली न्हाई, शेठ. म्या सगळी भट्टी नागमोडी रचलीय."

"कोणाला इचारून?"

"बाच्या छातीला."

"वीट कच्ची निघाली तर हितं दिसायचं न्हाई."

"चालंल. पर एक फावडंबी जादा पडणार न्हाई."

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. घर माझ्याच मजुरीवर चालतं. पण बसवंतनं फावडं खाली ठेवलं.

विटा निवल्या तेव्हा शेठनं पार मागच्या ओळीतल्या दोन काढून एकमेकींवर आपटल्या. पक्की वीट खणकन वाजते, कच्ची बद्द. त्या खणकन वाजल्या. त्यानं आणखी दोन आपटल्या, मग आणखी दोन. कोळशाचा बराच ढीग उरला होता.

"पुढची भट्टीबी अशीच रच," तो पुटपुटला.

मी बाला हाताला धरून आणलं. दोन वर्षांत तो भट्टीपाशी फिरकला नव्हता. तोंडावरचं फडकं काढून त्यानं वीट वाजवली, उरलेला कोळसा पाहिला.

"मंग शेठ," बा म्हणाला, "तीस वर्षं म्या उगंच धूर खाल्ला?"

शेठ जायला वळला. मी त्याच्या वाटेत उभी राहिले.

"बाला उत्तर देऊन जा."