सात वर्षांची नवी

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. पडदे शिवायच्या त्या कारखान्यात एका बाईची सात वर्षं झाली होती, तरी ती नवीच होती. तिला नाव नव्हतं असं नाही. आईबापांनी चांगलं हौसेने ठेवलेलं नाव होतं, पण ते कारखान्यात कुणी कधी घेतलं नाही. घरी सासूबाई 'सूनबाई' म्हणायच्या, मुलं 'आई' म्हणायची आणि नवरा नुसतं 'अगं' म्हणायचा, जणू तेच तिचं पाळण्यातलं नाव.

नवी म्हणण्यामागे कारण होतं. चहा झाला की सगळ्यांचे कप विसळायचे ते सर्वांत शेवटी कामाला लागलेल्या माणसाने. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो मोडायची कुणाची छाती नव्हती. मालकाचे लिहिलेले नियम दाराशेजारी काचेत लावले होते आणि त्यांतला एकही कुणी पाळत नव्हतं. ती कामाला लागली त्याच दिवशी पडद्यांना रिंगा लावणाऱ्या बाईने तिच्या हातात स्पंज ठेवला. या बाईचं तोंड अखंड चालू असायचं, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणायचे. "सुटले गं बाई," म्हणून रेडिओ जी बाकावर जाऊन बसली ती बसलीच. पुढे मालकाने नवी माणसं घेणंच बंद केलं. बाकीचे टेबलाभोवती बसून चहा प्यायचे आणि नवी कोपऱ्यातल्या नळाशी उभी राहायची. तिचा स्वतःचा चहा खिडकीच्या कट्ट्यावर निवत पडलेला असायचा.

असं असताना ती एकदा संध्याकाळच्या वर्गांत कॉम्प्युटर शिकायचं म्हणून नाव घालायला गेली. तो वर्ग भरला होता. "समाजशास्त्रात जागा आहे," कारकून म्हणाला. "तिथे नेहमीच असते." आता आलोच आहोत तर बसू, म्हणून ती बसली. शिकवणाऱ्या बाई आल्या आणि त्यांनी हजेरी घेतली. तिचं नाव अख्खंच्या अख्खं, आडनावासकट घेतलं. ती "हजर" म्हणाली, पण इतक्या मोठ्याने की शेजारचा माणूस दचकला. समाजशास्त्र कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं, पण जिथे आपलं नाव घेतात ते शास्त्र वाईट नसणार, एवढं तिने ठरवून टाकलं.

बाई शिकवायच्याही छान. "दर्जा म्हणजे तुम्ही बसता ती खुर्ची," त्या म्हणाल्या, "आणि भूमिका म्हणजे त्या खुर्चीत बसून तुम्हाला करावं लागतं ते काम."

"आणि खुर्चीच नसेल तर?" नवीने विचारलं.

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "तर मग उभं राहून काय करता ते बघायचं," त्या म्हणाल्या. "पुष्कळदा सगळा समाज तिथेच सापडतो."

हे नवीला पटलं नाही. तिला बसायलाच हवं होतं, टेबलाशी, चारचौघांत. आणि कुणीतरी नावाने हाक मारायला हवी होती. एवढीच तिची हौस होती, पण सात वर्षं मुरलेली होती.

आणि एका सोमवारी तिची हौस फळाला आली. मालकाने एक मुलगी कामावर घेतली. मुलगी गोड होती, हाताला चलाख होती आणि तिच्या कानांत सदानकदा हेडफोन असायचे. नवीने तिच्या हातात स्पंज असा काही दिला, जणू राज्याभिषेकच चाललाय. मग ती ताठ मानेने टेबलाशी गेली आणि आक्कांच्या शेजारी बसली. आक्का म्हणजे कापड बेतणाऱ्या, कारखान्यात सर्वांत जुन्या. मालकसुद्धा त्यांच्याशी बोलायच्या आधी घसा साफ करायचा.

त्या दिवशी तिने पहिल्यांदा कारखान्यात गरम चहा प्याला. जीभ भाजली, तरी बरं वाटलं.

पण नाव काही मिळालं नाही. मुलगी आता 'नवी नवी' झाली आणि आपली नवी 'जुनी नवी'. शिवाय टेबलावरच्या गप्पा म्हणजे अगदीच पाणचट निघाल्या. ऊन किती, भाजी किती महाग, मालकाच्या मिशा रंगवलेल्या आहेत की नाहीत. हेच ऐकायला आपण सात वर्षं झुरत होतो का, असं तिला वाटून गेलं. नळाशी रेडिओ कप ठेवायला यायची तेव्हा हळूच लेकीच्या लग्नाची काळजी बोलून जायची. इथे मात्र तीच रेडिओ भाजीवर बोलत होती.

घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इस्त्रीकाका बसायचे. त्यांच्यात आणि आक्कांच्यात कित्येक वर्षं विस्तव जात नव्हता. कधीतरी काकांच्या हातून एक पडदा करपला होता आणि "ही इस्त्री आहे की चूल?" असं आक्का भर कारखान्यात म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. त्या आठवड्यात काका दोनदा आपला कप घेऊन नळाशी गेले. मुलगी कानांतल्या गाण्यावर मान हलवत भराभर कप विसळत होती. काका थांबले, खाकरले, पुन्हा खाकरले आणि कप ठेवून परत आले. एकदा त्यांनी नवीकडे पाहिलं, पण तिच्या शेजारी आक्का होत्या. काकांनी मूग गिळले. हे सगळं नवीने पाहिलं, पण नव्या जागेच्या नादात यांना खोकला झालाय असं समजून सोडून दिलं.

काम होतं एका शाळेच्या रंगमंचाच्या पडद्याचं. जाड, मातकट लाल सुती कापड. आक्कांनी बेतलं, बाकीच्यांनी शिवलं, काकांनी वाफेची इस्त्री केली. शुक्रवारी पडदा कारखान्यातल्या दांडीवर लावून पाहिला. कुठे सुरकुती आहे का ते बघायला आक्का पडद्यामागे गेल्या, तेवढ्यात मालक आला.

"आक्का, तुम्ही मागे आहात ना?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"चपला दिसतायत तुमच्या," मालक रडवेल्या आवाजात म्हणाला.

पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. मुलांचं नाटक दुसऱ्या दिवशी होतं. पडदा उघडायच्या आधीच राजा कोण आणि चोर कोण ते बुटांवरून कळणार होतं.

आक्कांनी पट्टी आणली, पुन्हा मोजलं आणि माप बरोबर होतं असं सांगितलं. माप खरोखरच बरोबर होतं. कापडच आटलं होतं. मालक कपाळाला हात लावून बसला. कुणी कापड विकणाऱ्याला दोष दिला, कुणी इस्त्रीला. रेडिओसुद्धा गप्प झाली, त्यावरून प्रसंग किती बाका होता ते कळावं. चहा आला आणि सगळ्यांनी तो कसाबसा संपवला.

नवी मात्र विचारात पडली होती. बाईंनी मागच्याच वर्गात सांगितलं होतं की गाडं अडलं की लोक चुकलेला माणूस शोधतात. तुम्ही आधी वाट शोधा, बोलणं कुठून कुठे जात होतं ते पाहा. सात वर्षांत एकही पडदा आखूड झाला नाही. मग आताच का? तिला काकांचा खोकला आठवला. वाट म्हणजे ती स्वतःच होती. आणि ती वाट उठून बाकावर जाऊन बसली होती.

मुलगी कप गोळा करायला उठली. नवी म्हणाली, "तू बस. आज आपापला कप आपण विसळायचा."

सगळे तिच्याकडे असे बघायला लागले, जणू तिने कारखाना पेटवायची भाषा केली. "मी?" आक्का म्हणाल्या.

"हो आक्का. आमच्या बाईंनी गृहपाठ दिलाय. न लिहिलेला एक नियम मोडायचा आणि काय होतं ते बघायचं." हे खरं होतं. गृहपाठ दोन आठवडे तिने मनावरच घेतला नव्हता. "तुम्ही नाही म्हणालात तर मी नापास होईन."

नापास करण्याचं पाप आक्कांना नको होतं. त्या उठल्या. पण नळ एक आणि स्पंज एक. आक्कांनी फेस काढेपर्यंत मागे रांग लागली आणि नवीने काकांना पुढे ढकललं. दोघं कोपराला कोपर लावून उभे राहिले. काकांनी तोच कप तीनदा विसळला.

मग काका हातातल्या कपाला म्हणाले, "हे कापड वाफेला आटतं."

आक्का आपल्या कपाला म्हणाल्या, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगणार कुणाला? दर वेळी सांगतो ती तर टेबलाशी जाऊन बसली."

"दर वेळी कुणाला सांगता?"

काकांनी ओला हात नवीकडे केला.

आक्का वळल्या. "म्हणजे ते तू मधेच विचारायचीस, 'आक्का, हे आटत नसेल ना?' 'आक्का, याचा रंग जात नसेल ना?' ते सगळं..."

"काकांचं असायचं," नवी म्हणाली. "मी फक्त बावळटासारखं विचारायची. सरळ सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं."

"मला वाटायचं, हिला मेलीला शंकाच फार."

हसायला पहिली सुरुवात रेडिओने केली. मग तिनेच कबूल केलं की मालकाकडे उचल मागायची तर आधी त्याचा नूर काय आहे ते ती नवीलाच विचारायची. मालक अवघडून म्हणाला की कामगारांचा नूर तोही तिलाच विचारत आलाय. हे सगळं नळाशी, कप ठेवता ठेवता. सात वर्षं कारखान्याचा कारभार त्या ओल्या कोपऱ्यातून चालला होता आणि कारभारीण टेबलाशी जागा मागत होती. नवीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. बाईंना हे कधी सांगते असं तिला झालं.

पडद्याला खाली वीतभर सोनेरी काठ जोडायचं ठरलं. "काठाचं कापड आधी माझ्याकडे," काका थेट आक्कांना म्हणाले, आणि आक्कांनी ते निमूट दिलं. काठ जोडल्यावर पडदा आधीपेक्षा रुबाबदार दिसायला लागला. मालक तर असा बोलायला लागला की ती कल्पना त्याचीच होती.

शेवटची टीप मारायची राहिली. मशीनवर नवी होती. आक्कांनी पडद्याचं टोक धरलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. "ए न..." त्या थांबल्या. तिच्याजवळ आल्या आणि आवाज खाली आणून, जरा ओशाळून म्हणाल्या, "तुझं नाव काय गं?"

तिने सांगितलं.

नव्या कापडाचा पोत बोटांनी बघावा तसं आक्कांनी ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग आपल्या टेबलाशी परत गेल्या, आणि सगळी मशिनं चालू असताना, पार इस्त्रीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी तिला नावाने हाक मारली.

ती वर्गातल्या सवयीने ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, "हजर."