जुलैत रंगवलेलं हसू

मी एक जुना आरसा आहे, पण माझ्यापुढे उभं राहून कधी कुणी भांग पाडला नाही. मित्रांनो, माझं काम चुका दाखवण्याचं. व्हरमाँटमधल्या एका खेड्यात ऑरिन पेटिंगिल नावाचे चित्रकार राहत. एका साप्ताहिकाची मुखपृष्ठं ते रंगवत आणि अमेरिकेत घरोघरी लोक ती कापून भिंतीवर लावत. आरशांच्या कारखान्यातून त्यांनी मला नवाकोरा आणलं, तेव्हा वाटलं, आता नटणंमुरडणं पाहायला मिळणार. छे! त्यांनी मला चित्राकडे तोंड करून उभं केलं. चित्र माझ्यात उलटं दिसलं की वाकडं नाक, आखूड हात लगेच त्यांच्या डोळ्यांत भरे.

जुन्या गोठ्यात त्यांची चित्रशाळा होती. उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर मऊ उजेड येई आणि मी अर्धवट झोपेत असल्यासारखा असे. त्यात ऋतूंचा घोळ. मुखपृष्ठ काही महिने आधीच रंगवावं लागे, म्हणून बाहेर मधमाश्या गुणगुणत असताना आत कापसाचा बर्फ पडलेला असे. चित्रासाठी गावातलीच माणसं उभी राहत. म्हातारे टपालवाले ऐन उन्हाळ्यात लोकरी कोटात घामाघूम होत आणि म्हणत, "ऑरिन, मी वितळलो तर बादलीत भरून घरी पोचव हं!"

लढाईच्या दिवसांतल्या एका जुलैत ऑरिननी नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे सगळं घर एकत्र जेवतं त्या सणाचं, चित्र घेतलं. घरी परतलेला सैनिक पाठमोरा, आणि दार उघडणारी त्याची आई. आई म्हणून शेजारच्या एल्थिया बिगेलो उभ्या राहिल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा अमोस तेव्हा फ्रान्समध्ये लढत होता.

"एल्थिया, जरा हसशील?"

"सांगायला कशाला हवं? अमोसच दारात आहे असं समजते की!"

आणि त्या हसल्या. तो सगळा महिना मला स्वप्नासारखा आठवतो. ऑरिन माझ्याकडे वळून वळून पाहत आणि त्या चेहऱ्यात मला एकही चूक सापडेना.

सप्टेंबरात तार आली. मुलगा लढाईवर असल्याची खूण म्हणून बिगेलोंच्या खिडकीत लावलेला निळा तारा उतरला आणि तिथे सोनेरी लागला, मुलगा लढाईत मारला गेलेल्या घराला लागतो तसा.

चित्र त्याच आठवड्यात धाडायचं होतं. ऑरिननी रंग खरवडायची सुरी उचलली.

"अहो, चार दिवसांत नवा चेहरा कसा व्हायचा?" त्यांच्या पत्नी लुएला म्हणाल्या.

"उद्या दुकानात हे मुखपृष्ठ एल्थियाच्या समोर येईल. काय तोंड दाखवू मी तिला?"

तेवढ्यात एल्थियाच दारात आल्या. दुखवट्यात लुएलाबाईंनी जेवण पाठवलेलं भांडं घासूनपुसून परत करायला आल्या होत्या. त्यांची नजर सुरीवर गेली.

"ठेव ती खाली. हे हसू कुणाचं आहे?"

"तुझंच."

"मग मला न विचारता खरवडतोस कसा? त्याच्यासाठी हसले होते मी. तो आला नाही, म्हणून काय ते खोटं झालं?"

ऑरिननी सुरी खाली ठेवली. एल्थियाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. माझ्या आयुष्यात स्वतःला पाहायला आलेलं ते पहिलंच माणूस. त्यांनी तेच हसू पुन्हा आणून पाहिलं. ओठ हलले, पण जमलं नाही. पुन्हा एकदा पाहिलं. मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

"बघितलंस?" त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याकडे ते राहिलं नाही रे. तुझ्याकडेच आहे तेवढं. जप."

चित्र तसंच गेलं. ऑरिन जाऊनही आता किती वर्षं झाली. चित्र संग्रहालयात आहे, मी माळ्यावर. माझा पारा सुटलाय, धुळीनं मला धड काही दिसत नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, कारण समोरचं माणूस हललं की माझ्याजवळ काहीच उरत नाही. पण मित्रांनो, घरातलं एखादं जुनं चित्र, पिवळा पडलेला फोटो टाकून देण्याआधी घरात एकदा विचारा. कुणाचं तरी हसू तेवढंच शिल्लक असतं.