हिरव्या पाकिटाची तारीख

“घाटात दोनदा उकळली. आता काय, कडेवर घेऊन चढू हिला?” ल्याव मावशी गॅरेजात आपल्या जुन्या गाडीला टेकून स्वतःशीच कुरकुरत होत्या. मागच्या सीटवर टोपल्यांतले बांबूचे कोंब सुकत चालले होते.

स्यु-चिननं आधी रेडिएटरची वरची नळी चाचपली होती. इंजिन भाजत होतं, नळी गार. म्हणजे पाणी आतल्या आतच फिरतंय, निवायला रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. इंजिन निवल्यावर तिनं थर्मोस्टॅटच्या झडपेचं झाकण काढलं. तापलेल्या पाण्यानं झडपेचं मेणाचं बोंड फुगतं, मग वाट उघडते. म्हणून बोंड इंजिनाकडे हवं. इथे ते रेडिएटरकडे तोंड करून बसलं होतं.

तिनं पटकन वर फडकं टाकलं.

“काय निघालं गं?” स्टुलावरून तिच्या सासऱ्यांनी, त्साय उस्तादांनी विचारलं.

“झडप... खराब दिसतेय, बाबा.”

“गेल्या आठवड्यात तर नवी घातली मी.”

वर्षभर त्यांनी आवळलेले नट ती त्यांची पाठ वळली की पुन्हा आवळत होती, चोरी केल्यासारखी. तिचे कान तापले.

मावशींनी फडक्याकडे पाहिलं, उस्तादांकडे पाहिलं, आणि गाडीच्या पुढच्या काचेमागचं खाऊचं हिरवं पाकीट उचललं. इथे चूशान गावात असं पाकीट प्रत्येक यंत्रापाशी असतं. यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून. शिळं झालं की यंत्र रुसतं.

“हे बघा, तारीख उलटलीय. गाडी बिचारी काय करणार?”

“हो ना,” स्यु-चिन घाईनं म्हणाली.

“आण इकडे.” उस्तादांनी पाकीट उजेडात धरलं. लांब नेलं, जवळ आणलं. “गेलीय खरी तारीख. पाकीट बदलत जा, ल्यावबाई. यंत्राला काय दोष द्यायचा.”

मावशी चपलांकडे बघत राहिल्या. स्यु-चिन पुसलेलाच पाना पुसत राहिली. कोणीच हसलं नाही.

उस्तादांनी पाकीट अंगठ्यानं दाबलं. ते नव्यासारखं हवेनं टणक भरलेलं होतं, कडा करकरीत.

“तारखेला किती महिने आहेत अजून?”

स्यु-चिननं पाना खाली ठेवला.

“सात,” ती म्हणाली.

त्यांनी पाकीट मांडीवर ठेवलं.

“म्हणजे झडप मीच उलटी बसवली. मला दिसत नाही, पोरी.”