आतून मूठ नसलेलं दार

"दाराच्या आणि तुमच्या मधे त्या माणसाला कधीच येऊ द्यायचं नाही," सुटलेल्या कैद्यांना मदत करणाऱ्या संस्थेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. याच बाई माईक हातात आला की माणुसकीवर तासभर बोलायच्या.

समाजसेवेचे तास भरायला आलेल्या कॉलेजच्या पोरीने ते लक्षात ठेवलं. तिच्या वाट्याला आलेल्या माणसाने सख्ख्या भावाच्या डोक्यात पहार घातली होती. आत गेला तेव्हा तरणा होता, बाहेर आला तो केस पिकवून. सुटका अटींवर होती. काम गेलं किंवा कुणी तक्रार केली, की परत आत. काम लॉन्ड्रीत, हॉस्पिटलच्या चादरी धुण्याचं. पोरीने आठवड्यातून एकदा तिथं जाऊन त्याची विचारपूस करायची. आई करवादायची, "बाकीच्या पोरी झाडं लावतात. तुला खुनीच सापडला?"

हा माणूस दाराला हात लावत नसे. सताड उघडं असलं तरी कुणी 'जा' म्हणेपर्यंत उंबऱ्याशी थांबायचा. कामावरची पोरं खिदळायची, "पाहुणे, या की आत! का बँड बोलावू?"

पोरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिने त्याला शिकवायलाच घेतलं. "काका, दार आपलं आपण उघडायचं. आत आलात की मागे लावून घ्यायचं. तुम्ही मोकळे आहात आता."

"जमेल, ताई," तो म्हणायचा. जमत नव्हतं.

त्या दिवशी मशीनच्या घरघरीत बोलता येईना, म्हणून मालकाने तिला मागच्या चादरींच्या खोलीत पाठवलं. खोलीला खिडकी नव्हती. दार लोखंडी, खटक्याच्या कुलपाचं, वीट लावून उघडं ठेवलेलं. विटेचं कारण तिला कुणी सांगितलं नाही. त्या माणसाला तर याआधी या खोलीत कधी पाठवलंच नव्हतं.

तो कवेत चादरी घेऊन आला. उंबऱ्याशी थांबला नाही. आत शिरला, पायाने वीट सरकवली आणि टाचेने दार लोटलं. खटका पडला.

"लावलं, ताई," तो म्हणाला आणि हसला. त्याला हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"उघडा."

त्याने वळून पाहिलं. मुठीच्या जागी नुसतं भोक होतं.

"काका, उघडा ना!"

चादरी खाली ठेवायला त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि पोरगी जिवाच्या आकांताने किंचाळली. घसा फाटेपर्यंत किंचाळत राहिली. तिला समोर पहार दिसत होती.

चादरी त्याच्या हातातून गळून पडल्या. तो कोपऱ्यात गेला, भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसला आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. तुरुंगात असताना भोंगा वाजला की असंच बसावं लागे.

मालकाने दार उघडलं. मागे पोरं जमली होती.

"काय केलं याने?"

"काही नाही. दार लागलं म्हणून मी घाबरले."

"अगं, काही केलं नाही तर हा चोरासारखा का बसलाय? तू घाबरू नकोस, मी पोलिसांना फोन लावतो."

त्याने मोबाइल काढलासुद्धा. बाहेर पडायला रस्ता मोकळा होता, आणि तिला बाहेरच पडायचं होतं.

तिने दाराची कड धरली आणि मालकाच्या तोंडावर दार लावून घेतलं. खटका पडला.

"आता ऐका!" ती आतून ओरडली. "मी आत आहे, हेही आत आहेत. किंचाळतेय का मी?"

पाठीमागून अगदी बारीक आवाज आला.

"ताई, कोंडू नका मला. पाया पडतो."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती दारावर मुठी आपटू लागली. "उघडा! यांच्यासाठी उघडा!"

दार उघडलं. मालकाने आधी तिच्याकडे, मग कोपऱ्यातल्या पाठीकडे पाहिलं आणि मोबाइल खिशात टाकला.

"मशीन थांबलंय," तो त्या पाठीवर खेकसला. "चादरी काय तुझा बाप काढणार?"

तो उठला. उंबऱ्याशी येऊन थांबला.

"जा, काका," पोरगी म्हणाली.

तेव्हा तो गेला. त्यानंतर त्याने कुठल्याच दाराला हात लावला नाही, आणि तिनेही पुन्हा शिकवलं नाही.