केसभर फट

शालूबाईंच्या खालच्या जबड्यात रोवलेल्या चार इम्प्लांटवर दातांचा धातूचा सांगाडा चढवायचा, एवढंच काम. पण त्यानं डॉ. सपनाला जेरीस आणलं होतं. लॅबनं दुसऱ्यांदा करून पाठवलेला सांगाडाही एका टोकाचा स्क्रू पिळला की दुसऱ्या टोकाला केसभर उचलला जायचा. चारही स्क्रू पिळले की फट गुपचूप मिटायची. असा दडपून बसवलेला सांगाडा पुढं हाडाला ओढत राहतो, हे सपना पक्कं जाणून होती. उद्या इम्प्लांट हलले, तर नवे रोवायला शालूबाईंच्या झिजलेल्या जबड्यात हाड उरलं नव्हतं.

पण सकाळपासून वाकून वाकून तिची पाठ धरली होती, डोळे चुरचुरत होते. थकलेल्या माणसाला केसभर फट दिसेनाशी होते, हे मेलं कुठल्या पुस्तकात लिहीत नाहीत. तिनं चारही स्क्रू पिळले.

“मावशी, बराबर बसलं ना?”

“व्हय,” शालूबाई म्हणाल्या.

बाकावर त्यांची सून पुनम पेंगत होती. हळद काढणीचे दिवस. सासूला शिरड शहापूरहून हिंगोलीला आणायचं म्हणजे तिचा अख्खा दिवस जायचा. घरी सगळ्यांची जेवणं उरकली की शालूबाई एकट्याच दुधात भाकर कुस्करून खायच्या. आज दात घेऊनच परतायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

हातमोजे काढताना सपनाचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. बोटं खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळलेली होती. तिला स्वतःचाच राग आला. मागच्या खेपेलाही तिनं असंच विचारलं होतं, समोरच्यानं हो म्हणावं म्हणून.

ती स्टूल ओढून जवळ बसली. “मावशी, दुखतं का?”

शालूबाईंनी सुनेकडं पाहिलं. “मी घेते की जुळवून. आजवर सारं तसंच केलं.”

“तुमी न्हाई जुळवायचं. दुखतं का, तेवढं सांगा.”

शालूबाईंचे डोळे भरून आले. “दुखतं, बाई. लई दुखतं.”

सपनानं एकेक स्क्रू सैल केला, सांगाडा बाहेर काढून मधोमध कापला. दोन्ही तुकडे तोंडात ताण न देता जिथल्या तिथं बसवून राळेनं तात्पुरते जोडले. आता तसंच लॅबमध्ये पक्कं जोडून आणायचं होतं.

“परत यावं लागेल,” ती ओशाळून पुनमला म्हणाली.

पुनम केव्हाच जागी झाली होती. “येऊ की,” ती म्हणाली आणि सासूचा हात धरून तिला उठवलं. “आत्याबाई, आनखी कुठं कुठं दुखतं, ते रस्त्यानं सांगा मला.”