एक्केचाळीस निऑन

वयाची सेहेचाळीस वर्षं उलटली तरी घरात तिला धाकटीच म्हणत. दादा-वहिनींकडे राहायचं, मागच्या खोलीत शिवणयंत्रावर लोकांचे गणवेश शिवायचे आणि उरलेल्या वेळात मासे सांभाळायचे, एवढंच तिचं जग. मासे म्हणजे निऑन. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल, आणि कायम घोळक्याने फिरणारे.

आणून पाळायला सोपे, पण घरात त्यांची पिल्लं होणं महाकठीण. मासेवाल्यानेच सांगितलं होतं, बाई, नाद सोडा. पण धाकटी हट्टाला पेटली. पाणी उकळून निववायची, त्यात बदामाची वाळकी पानं टाकायची. अंड्यांना उजेड सोसत नाही म्हणून काचपेटीभोवती काळं अस्तर गुंडाळायची. तीन वेळा अंड्यांना बुरशी आली. चौथ्यांदा पिल्लं निघाली ती पापणीच्या केसाहून बारीक. बरणीत कोबीचं पान कुजवून ते पाणी त्यांना खाणं म्हणून ती थेंबाथेंबाने पेटीत सोडत राहिली. महिन्याभराने निळी रेघ उमटली. मोजली तर एक्केचाळीस. एक वळलं की सगळी वळत. त्या दिवशी तिने यंत्राला हात लावला नाही.

तीन महिन्यांत पिल्लं अंगाने भरली. एका दुपारी गणवेश पोचवून ती परत आली, तर पिल्लांच्या पेटीत नुसतं पाणी.

दादा संध्याकाळी खुशीत आला. साहेबांनी ऑफिसच्या दर्शनी दालनात मोठी टाकी बसवली होती, त्यांना मासे भेट दिले म्हणाला.

"मला विचारायचंस तरी," धाकटी म्हणाली.

घरातल्या गोष्टीला काय विचारायचं, असं म्हणून तो हातपाय धुवायला गेला.

निदान त्यांचं खाणं तरी नेऊन द्यावं म्हणून दुसऱ्या दिवशी डबी घेऊन ती ऑफिसात गेली. टाकीत तळहाताएवढे दोन एंजल मासे संथपणे फिरत होते. पाण्याच्या नळीमागे तीन निऑन अंग चोरून उभे होते.

"बाकीचे कुठे गेले?" तिने टेबलामागच्या मुलीला विचारलं.

मुलगी गोंधळली. "खाल्ले की त्यांनी. तुमचे भाऊच म्हणाले, जिवंत खाऊ आणलाय, घरी हवा तेवढा निघतो. साहेब खुर्ची ओढून बघत बसले होते."

धाकटीने तिघांना परत मागितलं. मुलीने आत फोन केला. दादा बाहेर आला, तिचं कोपर धरून तिला दारापर्यंत घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "इथे तमाशा नको. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

त्याच आठवड्यात तिने मोठे मासेही मासेवाल्याला देऊन टाकले. घरात कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

दोन महिन्यांनी दादाला बढती मिळाली. त्याने दोन माणसांकरवी नवी थोरली टाकी आणवली आणि बाहेरच्या खोलीत मांडली. साहेब विचारत होते, म्हणाला, पुन्हा पिल्लं कधी?

"आता होत नाहीत," धाकटी म्हणाली.

टाकी कोरडीच राहिली. वहिनीने तिच्यात प्लास्टिकची फुलं ठेवली. एकदा पाहुण्यांनी टाकी रिकामी का म्हणून विचारलं, तेव्हा धाकटी आत काज करत होती. दादाचं बोलणं तिला स्पष्ट ऐकू आलं.

"बहिणीसाठी हौसेने आणली हो. पण तिच्यात चिकाटीच नाही."

तिने दातांनी दोरा तोडला आणि पुढचं काज घेतलं.